पाचगणीच्या पावसात मॉडेल रेल्वे : जुनी दुरुस्त करताना, नवी मांडताना

पाचगणी, वाई, भिलार आणि महाबळेश्वर या पट्ट्यातल्या वाचकांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात. माळ्यावर आजोबांचा रेल्वेचा सेट सापडला, तो प्लगला लावून बघू का? मे महिन्यात झकास धावणारी गाडी जुलैत दर वळणावर अडखळते, इंजिन बिघडलं का? फळी फुगली आहे, सगळं उखडून नव्याने करू का? आणि अलीकडे जरा जास्तच ऐकू येणारा प्रश्न : परदेशातल्या भावाने भेट म्हणून इंजिन पाठवलं, त्यावर कस्टमवाल्यांनी कर का मागितला?

या छंदावरची पुस्तकं आणि व्हिडिओ बहुतेक इंग्लंड, जर्मनी किंवा अमेरिकेतल्या कोरड्या, गरम ठेवलेल्या खोल्या डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. महाबळेश्वरच्या मानाने पाचगणीला पाऊस कमी, पण जून ते सप्टेंबर ढग खिडकीतून आत येतात आणि कपाटातल्या चपलांवरही बुरशी धरते. म्हणून इथे लेआउटचा प्रत्येक निर्णय, माप, लाकूड, कोणतं काम कोणत्या महिन्यात, पावसाला विचारून घ्यावा लागतो. दुरुस्तीचंही तसंच. बिघाड इंजिनात असेल असं आपण धरून चालतो, आणि बहुतेक वेळा तो रुळात किंवा फळीत निघतो.

माळ्यावरचा सेट निघाला, तर पहिल्या दिवशी

प्लगला लावू नका. ही एकच गोष्ट पाळलीत तरी अर्धं नुकसान टळतं. मग या क्रमाने जा :

१. सेट जसा आहे तसा फोटो काढा. कोणती वायर कुठे गेली आहे, सांधे कुठे आहेत, खोक्यावर काय छापलं आहे, सगळं. रुळांच्या तुकड्यांना मागून चिकटपट्टी लावून क्रमांक द्या.

२. रूळ मोजा. बाहेरच्या दोन रुळांमध्ये तिसरा रूळ किंवा बारीक खिळ्यांची रांग असेल, तर सेट तीन रुळांच्या पद्धतीचा आहे. जर्मन मार्क्लिन बहुधा असाच असतो आणि तो एसी विजेवर चालतो. मेकॅनो कंपनीचा हॉर्नबी डब्लोही १९५९मध्ये दोन रुळांची पद्धत येईपर्यंत तीन रुळांचाच होता, पण तो डीसीवर चालायचा. दोन्ही दिसायला सारखे, वीज मात्र वेगळी. डीसीचं इंजिन मार्क्लिनच्या रुळांवर ठेवलंत, तर मोटर जळू शकते.

३. जुना ट्रान्सफॉर्मर वापरायचाच नाही. आतलं वेष्टण वाळून तडकलेलं असतं, वायरीचं रबर हाताला भुगा होऊन लागतं, आणि दमट भिंतीतल्या सॉकेटशी त्याची गाठ पडणं बरं नव्हे. अमेरिकी किंवा जपानी सेटचा ट्रान्सफॉर्मर ११० किंवा १०० व्होल्टचा असतो, तो आपल्या २३० व्होल्टवर लावताच धूर येईल. डीसी सेटसाठी १२ व्होल्टचा नवा, बीआयएस नोंदणीचा अडॅप्टर आणि वेगळा वेगनियंत्रक घ्या. जुना ट्रान्सफॉर्मर आठवण म्हणून शोकेसमध्ये ठेवायला हरकत नाही.

४. इंजिन उलटं धरून भिंगाखाली सांगाडा पाहा. १९३०-४०च्या दशकांतल्या ओतीव जस्ताच्या इंजिनांना कधी कधी आतून कीड लागल्यासारख्या बारीक भेगा जातात, धातू फुगतो, चाकं जाम होतात. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिल्यामुळे हे होतं आणि दमट हवेत ते भराभर वाढतं. यावर इलाज नाही. एका इंजिनाचं दुसऱ्याला लागत नाही, एवढंच समाधान. असं इंजिन चालवण्याच्या फंदात न पडता कोरड्या, बंद कपाटात ठेवा.

५. भेगा नसतील तर बोटाने चाक फिरवून पाहा. जड फिरत असेल तर जुनं ग्रीस चिक्कीसारखं घट्ट झालेलं असतं. ते आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने काढा. रंगावर मात्र अल्कोहोल लागू देऊ नका, जुना रंग सुटतो. तेल टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच घाला, तेही फक्त आसाला आणि गिअरला. धातूच्या गिअरला शिलाई मशीनचं तेल चालतं. प्लास्टिकच्या गिअरला प्लास्टिकला सोसणारं तेल हवं. खोबरेल नको, गंज सोडवायचा स्प्रेही नको. घरोघरी इंजिनं बिघडतात ती या दोन गोष्टींनी.

यानंतरच दोन-तीन फूट स्वच्छ रुळावर, कमी वेगात, इंजिन पाच मिनिटं पुढे आणि पाच मिनिटं मागे चालवा. वास आला किंवा ठिणग्या उडाल्या तर थांबा. कार्बन ब्रश झिजले असतील. ते सुटे मिळतात आणि बदलायला सोपे असतात.

उखडायचं की ठेवायचं?

मोडून नवीन करण्याचा मोह मोठा असतो, कारण सामान विकत घेण्यात मजा असते. पण बहुतेक जुन्या लेआउटमध्ये दोन-तीनच गोष्टी खरंच टाकाऊ असतात. तपासणी खालून वर करा : आधी फळी, मग रूळ, मग वायर. डोंगर-झाडं सगळ्यात शेवटी. बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो. डोंगर रंगवून घेतात आणि मग त्याखालचा सांधा चालत नाही म्हणून तोच डोंगर फोडतात.

*फळी.* बारीक स्क्रूड्रायव्हरचं टोक कडांना आणि खालच्या बाजूला दाबा. आत रुतलं, किंवा टोचल्यावर पोकळ आवाज आला, तर वाळवी किंवा कुज आहे. वाळवी लागलेली फळी घरात ठेवून दुरुस्त करू नका, बाहेर काढा. नुसती वाकली असेल तर मीटरभर लांबीची सरळ पट्टी आडवी-उभी ठेवून मधली फट मोजा. फट जागोजागी वेगळी असेल तर रूळ उचलावेच लागतील. एकसारखा हलका बाक असेल तर खालून चौकट ठोकून तो निघू शकतो. कडेचे थर सुटलेलं साधं (एमआर) प्लायवूड वाचवू नका. नवं घेताना दुकानात आयएस ७१० छापलेलं मरीन प्लाय मागा. आयएस ३०३चं साधं प्लाय पुण्यात चालून जातं, पाचगणीत ते दोन-तीन पावसाळ्यांत कडेने उमलतं. कोणतंही घेतलंत तरी कापलेल्या कडा आणि भोकं यांना प्रायमर लावल्याशिवाय बसवू नका. पाणी पृष्ठभागातून कमी आणि कडेतून जास्त शिरतं.

*रूळ.* खिशात एक छोटं चुंबक ठेवा. रुळाला चिकटलं तर तो लोखंडी; त्यावर गंज चढतच राहणार, पैसे आणि पावसाळे न घालवता तो बदला. चिकटलं नाही आणि रंग पिवळसर असेल तर पितळ. पितळेवर येणारा काळा थर वीज अडवतो, म्हणून इथे तो आठवड्याला पुसावा लागेल. ज्याला छंदातला तोच भाग आवडतो त्याने ठेवावा. चंदेरी दिसणारा आणि चुंबकाला न चिकटणारा रूळ निकेल सिल्व्हरचा. त्यावरचा थरही बऱ्यापैकी वीज जाऊ देतो. तो टाकू नका.

घासण्यासाठी कोणताही सँडपेपर नको. तो बारीक चरे पाडतो आणि मळ त्या चऱ्यांत जाऊन बसतो. जुलैत गाडी अडखळते त्याचं कारण बहुतेकदा हेच : ओलसर हवा, रुळावरची धूळ आणि चाकांवरचं तेल मिळून काळा लगदा होतो. सुती कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसा, मग कोरड्या कापडाने पुन्हा. चाकंही पुसा. चाकं तशीच ठेवून फक्त रूळ पुसले तर दुसऱ्या फेरीत सगळा मळ परत येतो. इंजिन बिघडलं असं म्हणण्याआधी हे करून पाहा.

*वायर.* जुन्या लेआउटला सगळी वीज दोनच ठिकाणांहून दिलेली असते आणि पुढे ती रुळांच्या जोडपट्ट्यांच्या भरवशावर जाते. दमट हवेत जोडपट्ट्या आतून काळवंडतात. नवी वायर टाकणं हीच बहुधा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक दुरुस्ती ठरते. ती पुढे सविस्तर पाहू.

पावसाचं वेळापत्रक

महिन्यांना धरून काम वाटून घ्या. नाहीतर ऑगस्टमध्ये लावलेलं प्लास्टर दिवाळीपर्यंत ओलंच राहतं आणि त्याला हिरवी लव येते.

- ऑक्टोबर-नोव्हेंबर : सुतारकाम. लाकूड आणून निदान पंधरवडा त्याच खोलीत उभं ठेवा, मग कापा. पावसात कापलेलं लाकूड हिवाळ्यात आकसतं आणि सांधे उघडतात.
- डिसेंबर-फेब्रुवारी : रूळ टाकणं. थंडीत रूळ आकसलेले असतात, म्हणून दर मीटरला एका व्हिजिटिंग कार्डाएवढी फट सोडा. मे महिन्यात ती आपोआप भरते. फट न सोडता टाकलेला रूळ उन्हाळ्यात बाजूला उसळतो आणि गाडी त्याच जागी रोज घसरते.
- मार्च-मे : प्लास्टर, डोंगर, खडी चिकटवणं, रंग. ओलावा लागणारी सगळी कामं याच तीन महिन्यांत उरका.
- जून-सप्टेंबर : टेबलावरची कामं. स्टेशनच्या इमारती, डब्यांचं रंगकाम, सोल्डरिंग. लेआउटवर सुती चादर टाका. प्लास्टिक नको, त्याखाली घाम धरतो. इंजिनं आणि डबे सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पुड्यांनी रंग बदलला की कढईत मंद आचेवर तापवून परत वापरता येतात.

पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा गाडी चालवा. धावणाऱ्या चाकांनी रूळ बऱ्यापैकी साफ राहतो आणि मोटरही जाम होत नाही. दमटपणा फारच असेल तर खोलीत डीह्युमिडिफायर लावणं हा खरा उपाय. कपाटात दिवा लावून ठेवायची जुनी पद्धत कागदी घरं आणि वाळलेलं गवत असलेल्या लेआउटजवळ वापरू नका.

जागा निवडताना नैर्ऋत्येकडची बाहेरची भिंत टाळा, पाऊस तिथेच मारतो. पर्याय नसेल तर फळी भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, मागून हवा खेळू द्या. पत्र्याखालचा माळा कितीही मोठा आणि रिकामा असला तरी नको. रात्री पत्र्याखाली थेंब जमतात आणि ते सरळ रुळांवर पडतात.

जांभ्याची माती : फुकट, पण तपासून

टेबललँड पठाराचा देखावा करायचा असं पाचगणीतल्या प्रत्येक हौशी माणसाच्या मनात येतं. सपाट माथा, लाल कडा, खाली धोम धरणाच्या पाण्याचा निळा तुकडा आणि रांगेने सिल्व्हर ओक. सुंदर दिसतं यात शंकाच नाही. पण पठारावरून दगड, शेवाळ किंवा दगडफूल आणू नका. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि पठारावरचा तो पातळ थर तयार व्हायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. माती तुमच्याच अंगणातली घ्या.

तीही थेट पसरू नका. आपल्या लाल मातीत आणि काळ्या दगडाच्या वाळूत चुंबकाला चिकटणारे लोहकण असतात. माती उन्हात वाळवा, चहाच्या गाळणीने चाळा आणि जुन्या वर्तमानपत्रावर पातळ पसरा. पातळ पिशवीत गुंडाळलेलं चुंबक तिच्यावरून हळूहळू फिरवा. पिशवीच्या टोकाला काळी दाढी लटकताना दिसेल. पिशवी उलटी करून ती टाकून द्या आणि चुंबकाला काही लागेनासं होईपर्यंत हे करत राहा. हे कण तसेच राहिले तर इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक ते रुळावरून उचलून आत ओढतं, आणि मग कितीही साफ केलं तरी मोटर कुरकुरते. शेवटी माती कोरड्या कढईत भाजून घ्या, म्हणजे त्यातली बुरशी आणि किडे मरतात. भाजलेली माती फेविकॉलमध्ये पाणी घालून चिकटवा. वाळल्यावर तिचा रंग जरा गडद होतो, म्हणून आधी पुठ्ठ्यावर नमुना करून बघा.

डोंगरासाठी थर्माकोल नको. सजावटीसाठीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८पासून बंदी आहे, आणि उंदरांचं त्यावर फार प्रेम. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी विणून त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेलं जुनं सुती कापड पसरा. वजन कमी, मजबुती भरपूर. दिवाळीचा किल्ला करणाऱ्या हातांना हे शिकवावं लागत नाही. फक्त किल्ल्यावर मोहरी पेरतात तसं काही जिवंत इथे पेरायचं नाही!

किती जागा, कोणतं माप

इथे थोडं गणित लागतं, तेही कागदावर. बाजारात सगळ्यात जास्त मिळतं ते एचओ माप : खऱ्याच्या १/८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. एन म्हणजे १/१६०, रूळ ९ मिलिमीटरचे.

आपल्या रेल्वेच्या जुन्या, आयसीएफ पद्धतीच्या डब्याची लांबी साधारण २१.३ मीटर. एचओमध्ये तो २४.५ सेंटिमीटर होतो. नवा एलएचबी डबा २७ सेंटिमीटरचा. वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या तिप्पट असेल तर गाडी नीट दिसते, अडीचपटीवर चालून जाते. म्हणजे आयसीएफ डब्यांसाठी ६० ते ७५ सेंटिमीटर त्रिज्या लागते. आता आठ बाय चारची प्लायवूडची अख्खी फळी घ्या : रुंदी १२२ सेंटिमीटर, म्हणजे कडा सोडून त्रिज्या जेमतेम ५५. त्यावर पूर्ण लांबीची कोयना एक्स्प्रेस फिरवायचा प्रयत्न केलात, तर डब्यांचे कोपरे बाहेर लटकतील आणि बघणारे हसतील. तिथे मालगाडी, छोटे डबे किंवा नॅरोगेज करा.

शिवाय, भिंतीला लावलेल्या चार फूट रुंद फळीच्या पलीकडच्या कडेला हात पोचत नाही. पंचाहत्तर सेंटिमीटरपलीकडे रूळ टाकू नका. गाडी नेमकी तिथेच घसरते.

पाचगणीसाठी माझं मत स्पष्ट आहे : १२० बाय ४५ सेंटिमीटरचे सुटे भाग करा आणि ते बोल्टने जोडा. पावसाळ्यात कोरड्या खोलीत हलवता येतात. भाड्याचं घर बदललं तर मोडावं लागत नाही. शाळेच्या प्रदर्शनासाठी पसरणी घाटाखाली वाईला न्यायचे झाले तर गाडीच्या मागच्या सीटवर मावतात. जोडाच्या ठिकाणी रूळ कडेपर्यंत आणून पितळी स्क्रूला सोल्डर करा, नाहीतर ने-आण करताना तिथेच उचकटतात.

भाड्याच्या घरात भिंतीला कंस ठोकायचे असतील तर मालकाची लेखी परवानगी घ्या, निदान व्हॉट्सअॅपवर तरी. अनामत रकमेतून भिंतीच्या दुरुस्तीचे पैसे कापल्याच्या तक्रारी याच छोट्या भोकांवरून सुरू होतात. स्वतःच्या पायांवर उभा लेआउट केलात तर हा प्रश्नच उरत नाही.

चढ देताना दोन टक्क्यांच्या वर जाऊ नका, म्हणजे ५० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर. एचओमध्ये एका गाडीवरून दुसरी न्यायला साधारण सात सेंटिमीटर उंची लागते, त्यासाठी साडेतीन मीटर लांबीचा चढ हवा. बहुतेक घाट कागदावरच अडतात ते इथे. खऱ्या बोरघाटातला चढ ३७ला १ आहे आणि माथेरानच्या गाडीचा तर २०ला १. पण खऱ्या इंजिनाचं वजन आणि आपल्या इंजिनाचं वजन यांची तुलना होत नाही.

वायरिंग : एक संध्याकाळ नीट द्या

फळीखालून दीड स्क्वेअर मिलिमीटरच्या, वेगळ्या रंगाच्या दोन घरगुती वायर लेआउटच्या पूर्ण लांबीभर न्या. लाल एका रुळासाठी, काळी दुसऱ्यासाठी. त्यांच्यातून दर मीटरला बारीक वायर वर काढून रुळाच्या बाहेरच्या बाजूला सोल्डर करा. जोडपट्ट्यांवर विजेसाठी भिस्त ठेवू नका, त्या फक्त रूळ सरळ ठेवायला.

डिजिटल पद्धत वापरत असाल तर एक चाचणी न चुकता करा. लेआउटच्या प्रत्येक टोकाला दोन्ही रुळांवर एक नाणं आडवं ठेवा. नियंत्रक लगेच बंद पडला पाहिजे. नाही पडला, तर त्या ठिकाणापर्यंत वायर अपुरी आहे आणि गाडी घसरली की तिथे प्लास्टिक वितळेल.

आणखी एक जागा चकवते. रूळ फिरून उलट स्वतःलाच येऊन मिळत असेल, तर डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट होतो. तिथे दोन्ही बाजूंनी रूळ तोडून प्लास्टिकची जोडपट्टी बसवा आणि त्या तुकड्याला वेगळा उलट-सुलट स्विच द्या. आराखडा काढताना एका रुळावर लाल पेन्सिल आणि दुसऱ्यावर काळी फिरवत जा. लाल रेघ काळीला मिळाली की समजा, इथे तोडायचं आहे.

वीज जाऊन येताना दाब वर-खाली होतो, म्हणून नियंत्रकाला स्टॅबिलायझर लावा आणि गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवा. स्विच बंद करणं पुरेसं नाही.

कोणती रेल्वे करायची?

परदेशी सेटमधली बर्फाळ स्टेशनं मांडण्याआधी आपल्या जवळची रेल्वे पाहा. पाचगणीला रेल्वे कधी आली नाही. पण पुणे-मिरज मार्गावरचं वाठार हे स्टेशन कित्येक पिढ्यांसाठी महाबळेश्वर-पाचगणीचं दार होतं. तिथे उतरून वाईमार्गे पसरणी घाट चढायचा. १९७०च्या सुमारास ब्रॉडगेज होईपर्यंत ही लाइन मीटरगेज होती. एक फलाट, दगडी इमारत, मालाचं छोटं यार्ड आणि बाहेर उभी असलेली मोटार : एवढा विषय दोन मीटरच्या फळीवर आरामात बसतो.

सांगलीकडच्या वाचकांना तर मिरज आहे. बार्शी लाइट रेल्वे १८९७मध्ये सुरू झाली, आणि तिची अडीच फुटी नॅरोगेज १९२७मध्ये मिरजेपर्यंत आली. पुण्याकडून ब्रॉडगेज आल्यानंतर मिरजेत काही काळ ब्रॉड, मीटर आणि नॅरो असे तिन्ही गेज नांदत होते. मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीने ही सोन्याची खाण आहे, कारण मापं जुळतात. खऱ्या ७६२ मिलिमीटरचं एचओमध्ये ८.८ होतं आणि ९ मिलिमीटरचे रूळ सर्रास मिळतात. मीटरगेजचं ११.५ होतं, त्याला १२चे रूळ मिळतात. ब्रॉडगेजचं मात्र १९.३ होतं आणि बाजारात १६.५चेच रूळ. म्हणून आपल्या मोठ्या गाड्या एचओ रुळांवर किंचित कुबड्या दिसतात. बहुतेकांना ते खटकत नाही. तुम्हाला खटकणार असेल तर नॅरोगेजच करा. डबे छोटे, वळणं आखूड, जागा कमी. पाचगणीतल्या खोल्यांना तेच मानवतं.

काही ठरवण्याआधी पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय एकदा पाहून या. १९९८पासून ते लोकांसाठी खुलं आहे. खेळ बघताना फक्त गाड्यांकडे पाहू नका. वळणं किती मोठी आहेत, डोंगराखाली घसरलेल्या गाडीपर्यंत हात कुठून जात असेल, सिग्नलच्या वायर कुठून उतरवल्या आहेत, याकडे लक्ष द्या. मुलांना सोबत नेत असाल तर दुसऱ्यांदा एकटे जा.

विकत घेताना : कर, बिल आणि हक्क

*परदेशातून येणारं पार्सल.* डिसेंबर २०१९पासून टपाल किंवा कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंची करमाफी बंद झाली; राख्या आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली आहेत. त्यामुळे पार्सलवर ‘भेट’ लिहिलं म्हणून कर चुकत नाही. लहान मापातल्या प्रतिकृती कस्टमच्या तक्त्यात खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२०मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३मध्ये ७० टक्के झालं. त्यावर अधिभार आणि जीएसटी वेगळा. मागवण्याआधी कुरिअर कंपनीकडून त्या दिवसाचा दर विचारा आणि एकूण किंमत त्यावरून काढा. किमतीपेक्षा कमी रक्कम लिहिलेलं बिल पाठवायला सांगू नका. पार्सल अडकतं, दंड होतो आणि हरवलं तर विमाही तेवढ्याचाच मिळतो. कर लावला गेला तर कोणत्या किमतीवर, कोणत्या दराने लावला, याचा कागद मागा. तो मागणं तुमचा हक्क आहे.

नातेवाईक स्वतः येत असतील तर त्यांच्या सामानातून एखादं इंजिन येऊ शकतं. करमुक्त सामानाची मर्यादा प्रवासाआधी पाहून ठेवा, आणि बिल सोबत असू द्या.

*खेळणं की मॉडेल?* जानेवारी २०२१पासून १४ वर्षांखालच्या मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. लहान मुलासाठी रेल्वेचा सेट घेताना ते पाहाच. संग्राहकांसाठीच्या मॉडेलच्या खोक्यावर वयाची अट छापलेली असते; ती बिलावरही यावी, म्हणजे पार्सलबाबत प्रश्न कमी येतात.

*ऑनलाइन खरेदी.* पार्सल उघडताना शिक्क्यापासून इंजिन रुळावर चालेपर्यंत सलग व्हिडिओ घ्या. तुटलेलं किंवा बंद इंजिन आलं तर आधी विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. ‘मॉडेल नाजूक असतात, परत घेत नाही’ हे उत्तर सदोष मालाला लागू होत नाही.

*वापरलेला सेट.* हौशी माणसाकडून खासगीत घेतलात तर ग्राहक कायद्याचा आधार मिळणं अवघड. तो व्यापारी नसतो. म्हणून पैसे देण्याआधी इंजिन दोन्ही दिशांना चालताना समोर पाहा. मार्केटमध्ये दुकान चालवणाऱ्याकडून घेतलात तर ‘वापरलेलं’ म्हणून तुमचे हक्क संपत नाहीत. बिलावर काय चालतं आणि काय नाही ते लिहून घ्या.

*तक्रार कुठे?* आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. विक्रेता मुंबईचा असो की चेन्नईचा, पाचगणीकराने साताऱ्यातच दाद मागावी, सांगलीकराने सांगलीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि तक्रार ऑनलाइनही भरता येते. परदेशी दुकानाविरुद्ध आदेश मिळाला तरी वसुली कठीण जाते, म्हणून तिथे कार्डाने पैसे द्या आणि फसवणूक झाली तर बँकेकडे लगेच हरकत नोंदवा.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे. बिल, व्हिडिओ आणि ईमेल तोपर्यंत जपून ठेवा. कागदी बिलाचा फोटोही काढा, थर्मल छपाईची शाई दमट कपाटात फार लवकर उडते.